शून्य पेटंटांची काउंटी

१९६२ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात, ख्रिश्चन काउंटीमधील (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग) हर्नडन या गावी हॅरी यंग नावाच्या शेतकऱ्याने आपल्या शेताचा एक लहानसा तुकडा न नांगरता पेरला. तुकडा होता एकराच्या सात दशांश, म्हणजे आपल्या हिशेबाने २८ गुंठे. तणनाशके तेव्हा नुकतीच हाताशी येत होती आणि नांगरटीशिवाय पीक घेण्याच्या चाचण्या काही प्रयोगकेंद्रांवर आधी झालेल्या होत्या. पण विकण्यासाठीचे पीक या पद्धतीने घेणारा हा अमेरिकेतील पहिला शेतकरी मानला जातो. आजूबाजूचे शेतकरी ते शेत पाहायला आले, मग दूरवरून बसगाड्या भरून येऊ लागले, आणि विद्यापीठाच्या विस्तार-कार्यकर्त्यांनी ती पद्धत गावोगाव नेली. २०१७ च्या अमेरिकी कृषिगणनेत बिननांगरटीच्या जमिनीचा आकडा १० कोटी ४० लाख एकरांवर गेलेला दिसतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मातीची धूप थोपवण्यासाठी शेतकऱ्यांनी स्वीकारलेल्या बदलांमध्ये याहून मोठा बदल शोधणे अवघड आहे. या पद्धतीचे पेटंट मात्र हॅरी यंग यांच्या नावावर नाही. काउंटीनिहाय पेटंटसंख्येच्या तक्त्यात त्या २८ गुंठ्यांची किंमत शून्य येते.

एखाद्या काउंटीत नवोन्मेष (इनोव्हेशन) किती होतो हे ठरवण्यासाठी तिथल्या रहिवाशांना मिळालेली पेटंटे मोजावीत, त्या संख्येला लोकसंख्येने भागावे आणि आलेल्या आकड्यांच्या क्रमाने काउंट्या लावाव्यात, ही रीत अर्थशास्त्रज्ञांमध्ये, नियोजनकारांमध्ये आणि वृत्तपत्रांमध्ये इतकी रुळली आहे की तिच्याविषयी वेगळा प्रश्नच विचारला जात नाही. माझे म्हणणे असे की ग्रामीण काउंट्यांच्या बाबतीत ही रीत नुसती ढोबळ नाही, तर चुकीच्या दिशेने ढोबळ आहे. ग्रामीण भागात नवी गोष्ट ज्या वाटांनी जन्मते आणि पसरते, नेमक्या त्याच वाटा तिच्या नजरेबाहेर राहतात. म्हणून सार्वजनिक पैसा कुठे जावा हे ठरवताना तिचा आधार घेऊ नये.

आधी हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. अमेरिकेच्या पेटंट व ट्रेडमार्क कार्यालयाने २००० ते २०१५ या वर्षांसाठी काउंटीनिहाय तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत केवळ ‘युटिलिटी’ प्रकारची, म्हणजे यंत्रे, प्रक्रिया, रसायने यांसारख्या गोष्टींवरची पेटंटे आहेत, आणि प्रत्येक पेटंट हे अर्जात ज्याचे नाव पहिले असेल त्या संशोधकाच्या निवासाच्या काउंटीत टाकलेले आहे. चार जणांनी मिळून एखादे उपकरण घडवले, त्यांतले तिघे खेड्यात राहतात आणि पहिले नाव शहरात राहणाऱ्याचे आहे, तर खेड्याच्या वाट्याला काहीच येत नाही. उलट, मोठ्या कंपनीतला अभियंता डोंगरातल्या एखाद्या निसर्गरम्य काउंटीत घर बांधून राहू लागला, तर तिथल्या सुतार, लोहार, पशुपालक यांच्या कामात कसलाही बदल न होता ती काउंटी तक्त्यात वर सरकते.

दुसरी अडचण लहान संख्यांची आहे, आणि ती शाळेतल्या गणिताने समजण्यासारखी आहे. टेक्सासमधील लव्हिंग काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ६४ होती. तिथल्या एका रहिवाशाला एखाद्या वर्षी एक पेटंट मिळाले, तर दर लाख लोकसंख्येमागे त्या काउंटीची पेटंटे दीड हजारांवर जातील. पुढच्या वर्षी ती पुन्हा शून्यावर येतील. लव्हिंग हे टोकाचे उदाहरण आहे, पण पाच-दहा हजार वस्तीच्या काउंट्या अमेरिकेत शेकड्यांनी आहेत आणि त्यांचे आकडे याच रीतीने हेलकावे खातात. पाच वर्षांची सरासरी काढून हे हेलकावे कमी करता येतात. सरासरी कशाची काढतो आहोत हा प्रश्न मात्र तसाच उरतो.

पेटंट हा मुळात मनाई करण्याचा हक्क आहे. आपल्या कल्पनेचा वापर दुसऱ्या कुणी परवानगीशिवाय करू नये, म्हणून माणूस अर्ज करतो, वकिलाला काही हजार डॉलर देतो, वर्षानुवर्षे वाट पाहतो, आणि पेटंट मिळाल्यावर ते जिवंत ठेवण्यासाठी साडेतीन, साडेसात व साडेअकरा वर्षांच्या टप्प्यांवर शुल्क भरतो. कुणी नक्कल केलीच, तर न्यायालयात जाण्याची ताकद त्याच्यापाशी असावी लागते. ज्याला देशभर माल विकायचा आहे आणि ज्याच्याकडे कायदा विभाग आहे, त्याला हा खटाटोप परवडतो. आपल्या पेरणीयंत्राला वेगळे फाळ जोडणारा शेतकरी, गोठ्यातील शेण काढायची नवी रचना उभारणारा पशुपालक किंवा दहा माणसांची लाकूड-कापणी गिरणी चालवणारा मालक यांना आपली रचना शेजाऱ्यापासून राखून ठेवण्यात काही लाभ नसतो. बहुतेक वेळा लाभ उलट दिशेचा असतो, कारण उद्या अडचण आली तर त्याच शेजाऱ्याकडून उपाय कळणार असतो.

अमेरिकेच्या बाबतीत तर ही गोष्ट केवळ स्वभावाची किंवा संस्कृतीची नाही. ती राज्यसंस्थेने दीड शतक जाणीवपूर्वक घडवलेली आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनींच्या उत्पन्नावर राज्याराज्यांत कृषी व यांत्रिक शिक्षणाची महाविद्यालये निघाली, १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना जोडून प्रयोगकेंद्रे आली, आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने काउंटीपर्यंत पोहोचणारी विस्तारसेवा उभी राहिली. ज्ञान सार्वजनिक पैशाने निर्माण करावे आणि ते शेताच्या बांधापर्यंत विनामूल्य पोहोचवावे, हा या तिन्ही कायद्यांमागचा हेतू होता. संकरित मका याच व्यवस्थेतून वाढला. आयोवातील दोन गावांचा जो अभ्यास रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून बाकी सर्वांनी १९२८ ते १९४१ या काळात नवे बियाणे स्वीकारल्याचे दिसले. कुणी आधी थोड्या जमिनीवर लावून पाहिले, कुणी शेजाऱ्याचे पीक पाहून मग लावले, कुणी आणखी दोन-तीन हंगाम थांबले. तेरा वर्षांत दोन गावांची शेती बदलून गेली, आणि हे बदल करणाऱ्यांपैकी कुणाला पेटंट कार्यालयाची पायरी चढावी लागली नाही. जी व्यवस्था पेटंटाविना ज्ञान पसरावे म्हणूनच उभारली, तिचे यश पेटंटांच्या संख्येने मोजायला जाणे हे, सार्वजनिक विहिरीचे पाणी किती विकले गेले यावरून तिचा उपयोग ठरवण्यासारखे आहे.

पेटंटाची नोंदवही कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते हे कायदा ठरवतो, निसर्ग नव्हे, याचे सर्वांत कठोर उदाहरण मिसिसिपीतील आहे. ऑस्कर स्टुअर्ट या मळेवाल्याच्या ताब्यातील नेड नावाच्या गुलाम कारागिराने कापसाच्या शेतात एकाच वेळी दुहेरी काम करणारे खुरपणीचे अवजार घडवले. स्टुअर्टने त्याचे पेटंट स्वतःला मिळावे म्हणून अर्ज केला. १८५८ मध्ये अमेरिकेचे महान्यायवादी जेरेमाया ब्लॅक यांनी मत दिले की गुलामाने लावलेल्या शोधाला पेटंट मिळू शकत नाही: मालक हा संशोधक नाही म्हणून त्याला मिळणार नाही, आणि गुलाम हा नागरिक नाही म्हणून त्यालाही नाही. ते अवजार पुढे बनले, विकले गेले, शेतात चालले. ज्याने ते घडवले त्याचे केवळ पहिले नाव आज आपल्याला माहीत आहे, आणि पेटंटांच्या मोजणीत ते अवजार कधीच आले नाही. हा अन्याय आजच्या व्यवस्थेत नाही हे उघड आहे. तरीही त्या काळातील दक्षिणेकडील काउंट्यांची पेटंटसंख्या घेऊन तिथल्या लोकांच्या कल्पकतेविषयी विधान करणाऱ्याने, त्या लोकांपैकी किती जणांना अर्ज करण्याचा अधिकार होता हे आधी सांगायला हवे.

फळझाडांचा इतिहास हेच वेगळ्या अंगाने दाखवतो. ‘रेड डिलिशस’ सफरचंदाचे मूळ झाड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयोवाच्या मॅडिसन काउंटीत जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवले. त्याने ते दोनदा कापले आणि पुन्हा फुटलेले पाहून जपले. ‘गोल्डन डिलिशस’ वेस्ट व्हर्जिनियाच्या क्ले काउंटीतील मलिन्स कुटुंबाच्या शेतावर सापडले. १९१४ साली स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेने ते झाड आणि त्याखालची जमीन पाच हजार डॉलरला विकत घेऊन झाडाभोवती पिंजरा उभारला, कारण वनस्पतींवर पेटंट मिळण्याची सोयच तेव्हा नव्हती. ती १९३० च्या कायद्याने आली, आणि तीही कलम, छाटा यांसारख्या मार्गांनी वाढवल्या जाणाऱ्या वनस्पतींपुरती. बियाण्याच्या वाणांसाठी १९७० मध्ये वेगळा कायदा झाला आणि त्याची प्रमाणपत्रे पेटंट कार्यालय देत नाही, कृषी खाते देते. काउंटीनिहाय तक्ते मात्र युटिलिटी पेटंटांचेच असतात. शेतीप्रधान काउंटीत ज्या प्रकारची नवी गोष्ट घडण्याची शक्यता सर्वाधिक, ती दुसऱ्याच रकान्यात किंवा दुसऱ्याच खात्यात नोंदली जाते.

पेटंट मिळाले तरी एक हा आकडा किती बोलतो, तेही पाहावे. फ्रँक झायबाक हे कोलोरॅडोतील स्ट्रासबर्ग इथे शेती करत होते. पाण्याचे पाइप हाताने उचलून शेतभर फिरवणाऱ्या मजुरांचे कष्ट पाहून त्यांनी मधल्या खुंट्याभोवती स्वतःच फिरणारी तुषार सिंचनाची रचना तयार केली आणि १९५२ मध्ये तिचे पेटंट मिळवले. १९५४ मध्ये नेब्रास्कातील व्हॅली या गावच्या रॉबर्ट डॉहर्टी यांच्या कारखान्याने त्यांच्याकडून उत्पादनाचे हक्क घेतले. विमानातून अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानांवर जी हिरवी वर्तुळे दिसतात ती या रचनेची आहेत. त्यांच्यामुळे कोरडवाहू मुलखात मक्याचे पीक उभे राहिले, आणि त्यांच्यामुळेच त्या मैदानांखालच्या ओगालाला भूजलसाठ्याचा उपसाही वाढला. इतके सगळे घडवणारे पेटंट तक्त्यात एक म्हणून मोजले जाते. इलिनॉयच्या डीकॅल्ब गावी जोसेफ ग्लिडन यांनी १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट घेतले, आणि त्या एका कल्पनेभोवती थोड्याथोड्या फरकांची शेकडो पेटंटे निघाली, त्यांवर खटले लढले गेले, आणि अखेर १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ग्लिडन यांच्या बाजूने निर्णय द्यावा लागला. शेकडो पेटंटांचा ढीग तिथे कल्पकतेपेक्षा भांडणाची तीव्रता सांगतो.

या साऱ्या उदाहरणांकडे पाहताना आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. ‘ग्रामीण’ म्हणजे कोणती काउंटी, हे अमेरिकेत बहुधा महानगर क्षेत्राच्या सरकारी यादीवरून ठरते, आणि लगतच्या शहराकडे कामाला जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले की काउंटी त्या शहराच्या क्षेत्रात ओढली जाते. हॅरी यंग यांची ख्रिश्चन काउंटी आज क्लार्क्सव्हिल महानगर क्षेत्रात मोडते. स्ट्रासबर्ग ज्या दोन काउंट्यांवर पसरले आहे त्या ॲडम्स व अरापाहो डेन्व्हरच्या क्षेत्रात आहेत, व्हॅली गाव ओमाहाच्या काउंटीत आहे, डीकॅल्ब काउंटी शिकागोच्या क्षेत्रात गणली जाते, मॅडिसन काउंटी डे मॉइनच्या, आणि क्ले काउंटी वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटनच्या. अमेरिकी शेतीचा चेहरा बदलणाऱ्या ज्या शोधांची गावे किंवा काउंट्या मी वर दिल्या, त्यांचे एकही जन्मस्थान आजच्या यादीत बिगरमहानगरी काउंटी नाही. त्या काळी ती सारी शेतवाडीची गावे होती. आजच्या सीमारेषा मागे नेऊन जो कुणी दीर्घकाळाची तुलना करील, त्याला ग्रामीण अमेरिकेने फारसे काही शोधलेच नाही असा निष्कर्ष आपोआप मिळेल. सीमारेषा दर दहा वर्षांनी नव्याने आखल्या, तरी वाढणाऱ्या काउंट्या ग्रामीण गटातून बाहेर पडत राहतात आणि न वाढणाऱ्या मागे उरतात. मग उरलेल्यांची सरासरी खाली आली तर त्यात नवल नाही.

पेटंटांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. पेटंटाची नोंद तारखेसह, पत्त्यासह, तांत्रिक वर्गवारीसह आणि शेकडो वर्षांची मिळते. इतकी तपशीलवार आणि फुकट उपलब्ध असलेली दुसरी माहिती नाही. झ्वी ग्रिलिखेस या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये पेटंट-आकडेवारीचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यात तिच्या मर्यादा सांगतानाच तिची ही उपयुक्तताही मान्य केली होती. आणि हेच ग्रिलिखेस १९५७ मध्ये संकरित मक्याच्या प्रसारावर संशोधन प्रसिद्ध करताना कोणत्या भागात किती जमीन नव्या बियाण्याखाली आली हे मोजत होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. शिवाय काही ग्रामीण काउंट्यांत पेटंटे खरेच काही सांगतात. इंडियानाच्या कॉशियस्को काउंटीतील वॉरसॉ या गावी १८९५ मध्ये रेव्हरा डीप्यू यांनी अस्थिभंगावरच्या फळ्या बनवण्याचा उद्योग काढला, १९२७ मध्ये झिमर आणि १९७७ मध्ये बायोमेट या कंपन्या तिथेच निघाल्या, आणि ते गाव कृत्रिम सांध्यांच्या जागतिक उद्योगाचे केंद्र बनले. तिथे पेटंटे भरपूर आहेत आणि ती पोकळ नाहीत: एका ठिकाणी साचत गेलेल्या कौशल्याची ती खूण आहे.

पण वॉरसॉपाशी जो उद्योग आहे त्यात पेटंट घेणे हा धंद्याचा भाग आहे. न्यूयॉर्क राज्यातील स्टूबेन काउंटीतील कॉर्निंग गाव घ्या, जिथल्या प्रयोगशाळेत १९७० मध्ये प्रकाशाची कमी हानी होणारा प्रकाशतंतू (ऑप्टिकल फायबर) तयार झाला, किंवा ओक्लाहोमातील बार्टल्सव्हिल घ्या, जिथे फिलिप्स पेट्रोलियमची प्रयोगशाळा होती. या काउंट्यांतील उंच आकडे सांगतात की तिथे एका मोठ्या कंपनीची प्रयोगशाळा आहे. शेजारच्या काउंटीतील शून्य सांगते की तिथे ती नाही. आणि वर्षाचा भरवसाही धरता येत नाही. बार्टल्सव्हिलमध्ये पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स यांनी स्फटिकरूप पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक १९५१ मध्ये मिळवले. दावे-प्रतिदावे चालून त्याचे पेटंट फिलिप्सला १९८३ मध्ये मिळाले. पेटंट मिळाल्याच्या वर्षावरून मोजणाऱ्या तक्त्यात तो शोध ३२ वर्षे उशिरा अवतरतो.

यावर कुणी म्हणेल की दुसरे माप आहे कुठे. ते आहे. युरोपीय आणि आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) देशांनी १९९२ पासून वापरलेल्या ‘ऑस्लो’ मार्गदर्शिकेत नवोन्मेषाची व्याख्या अशी आहे की संस्थेने आधीपेक्षा लक्षणीयरीत्या वेगळे उत्पादन बाजारात आणले किंवा वेगळी प्रक्रिया वापरात आणली, तर तो नवोन्मेष. तो जगात पहिला असण्याची अट नाही. या व्याख्येला धरून अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आर्थिक संशोधन सेवेने २०१४ मध्ये ग्रामीण आणि शहरी आस्थापनांचे सर्वेक्षण केले आणि मालकांना थेट विचारले की गेल्या तीन वर्षांत तुम्ही काय नवे केले. या सर्वेक्षणाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की त्यात अपयशाविषयीही विचारले होते: एखादी नवी गोष्ट करायला घेऊन मध्येच सोडून द्यावी लागली का? ‘आम्ही सतत सुधारणा करतो’ असे म्हणायला कुणाचे काही जात नाही. जो खरोखर प्रयत्न करतो त्याच्यापाशी फसलेल्या प्रयत्नांची यादीही असते. अशा प्रश्नांनी नाममात्र नवोन्मेषकांपासून खरे नवोन्मेषक वेगळे काढल्यावरही ग्रामीण आणि शहरी आस्थापनांमधील अंतर शिल्लक राहिले, पण पेटंटसंख्या दाखवते त्यापेक्षा ते पुष्कळ कमी होते.

हे अंतर किती खरे आणि किती मापाचे, याला महत्त्व आहे, कारण त्यावर औषध ठरते. काउंटीत पेटंटे नाहीत म्हणून तिथे कल्पकता नाही असे मानले की उपाय बाहेरून आणले जातात: नवउद्योग केंद्राची इमारत, शहरातील विद्यापीठाशी करार, एखाद्या कंपनीची शाखा यावी म्हणून करसवलत. तिथे कल्पकता आहे पण भांडवल, वेगवान इंटरनेट, कुशल कारागीर किंवा माल वाहून नेणारा रस्ता नाही असे दिसले, तर पैसा वेगळीकडे जातो. केंद्रीय निधीतून तयार झालेल्या काउंटीनिहाय नवोन्मेष-निर्देशांकांतही पेटंटे हा एक घटक असतो. इतर घटकांमुळे त्याचे वजन कमी होते हे मान्य केले, तरी स्थानिक अधिकाऱ्याच्या हातात पडणाऱ्या कागदावर आपल्या काउंटीपुढचे शून्य ठळक दिसतेच. आपल्याकडे काही घडत नाही असे वर्षानुवर्षे छापून आले की तिथल्या तरुणांनाही ते खरे वाटू लागते, आणि याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आकडा हाच हेतू झाला की काय होते हे चीनने दाखवले आहे. तिथल्या स्थानिक सरकारांनी पेटंट-अर्जांना अनुदाने दिली, अर्जांचा पूर आला, आणि २०२१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कार्यालयाला अर्जांवरची अनुदाने त्याच वर्षी बंद करण्याचा आणि उरलेली २०२५ पर्यंत संपवण्याचा आदेश काढावा लागला. भारतातही हा धोका दूरचा नाही. २०२३-२४ मध्ये आपल्याकडे एका वर्षात एक लाखाहून अधिक पेटंटे दिली गेली. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे, आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटांना गुण आहेत. उद्या जिल्हानिहाय पेटंटे मोजून महाराष्ट्राचे जिल्हे क्रमाने लावले, तर ज्या तालुक्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे तो वर येईल आणि बाकीचे खाली जातील.

आपल्याकडे तर हे माप शेतीला कायद्यानेच लागू पडत नाही. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे शेतीची किंवा फळबागेची पद्धत पेटंटयोग्य नाही, आणि वनस्पती, बियाणे, वाण हेही नाहीत. ही तरतूद मला योग्य वाटते. शेतीची पद्धत कुणाच्या मालकीची होऊ नये. मग पेटंटाच्या अभावावरून शेतकऱ्याचे मोजमापही करू नये. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यांवर नांगरणी, चिखलणी आणि लावणी यांवाचून भात घेण्याचे जे सगुणा राईस तंत्र रुजवले, ते हर्नडनच्या २८ गुंठ्यांचेच भावंड आहे आणि त्याच रीतीने, शिवारफेऱ्यांतून आणि पाहुण्या शेतकऱ्यांच्या वह्यांतून पसरले. सांगली जिल्ह्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस द्राक्षातून ‘तास-ए-गणेश’ निवडले. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावी दीड एकराच्या दादाजी खोब्रागडे यांनी ‘पटेल ३’ या भाताच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या राखून, वर्षानुवर्षे निवड करून एचएमटी तांदूळ तयार केला. तो अनेक राज्यांत पेरला गेला. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा सन्मान केला, आणि २०१८ मध्ये ते गेले तेव्हा त्या वाणाच्या अफाट प्रसारातून त्यांच्या पदरी काही पडलेले नव्हते. चंद्रपूर जिल्ह्याच्या पेटंटसंख्येत एचएमटीचा वाटा शून्य आहे. वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा २००१ चा कायदा शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करण्याची सोय देतो, पण त्याची नोंदवही वेगळी आहे आणि पेटंटांची बेरीज करणारे ती उघडून पाहत नाहीत.

पेटंटे मोजूच नयेत असे मला म्हणायचे नाही. औषधे, उपकरणे, रसायने यांत कोणत्या कंपन्या कुठे काम करतात हे पाहायला ती मोजावीत, आणि तक्त्यावर ‘युटिलिटी पेटंटे, पहिल्या संशोधकाच्या निवासानुसार’ असेच शीर्षक द्यावे, ‘नवोन्मेष’ असे नव्हे. ग्रामीण काउंटीला किंवा तालुक्याला निधी देताना मात्र तिथे काय वापरात आले आणि किती जणांनी स्वीकारले हे विचारावे. अमेरिकेत २०१७ या वर्षापासून जे वार्षिक व्यवसाय सर्वेक्षण सुरू झाले, त्यात नवोन्मेषाविषयी प्रश्न आहेत. पण ते सर्वेक्षण बिगरशेती, पगारी नोकर ठेवणाऱ्या व्यवसायांपुरते आहे, म्हणजे हॅरी यंग आज असते तर तेही त्यांच्या दारी गेले नसते. शेतकऱ्याच्या दारी दर पाच वर्षांनी जाते ती कृषिगणना, आणि तिच्या अर्जावर बिननांगरटीची जमीन किती, असा रकाना २०१२ पासून आहे. त्याच अर्जावर आणखी दोन ओळी घालता येतील: गेल्या पाच वर्षांत शेतात, अवजारात किंवा गोठ्यात तुम्ही स्वतः काय बदलले, आणि ते पाहून आणखी कुणी केले का? आपल्या कृषिगणनेतही त्या ओळींना जागा आहे, आणि तलाठ्यापासून कृषी सहायकापर्यंत त्या भरून घेणारी माणसे गावोगाव आहेत.